चढावर ओढ नाही

ता. ६ जानेवारी

चि. खटपट हिला दादाचे भरपूर आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत. तुझी वहिनी मजेत, बाल्कनीतल्या कुंड्या मजेत, शेजाऱ्यांचा पोपट तर जरा जास्तच मजेत. तुझी कंबर कशी आहे ते कळव, आणि "बरी आहे" असं म्हणून उडवून लावू नकोस.

फोनवर तू मला मध्येच तोडलंस. म्हणालीस, "दादा, तोंडाने इंजिनाचा आवाज काढू नकोस, मला हसू आवरत नाही. काय होतंय ते नीट लिहून पाठव. बोलताना तू काहीही ठोकून देतोस, लिहिताना निदान विचार करशील." म्हणून बसलोय लिहायला. मी सत्तरीला टेकलो, तू साठी ओलांडलीस, तरी हुकूम अजून तुझाच चालतो. आयुष्यभर पंपांची इंजिनं खोलून खोलून तुला सगळ्यांनाच खोलायची सवय लागली आहे.

तर तक्रार अशी, की माझ्या जुन्या मोटारसायकलला कमी वेगात ओढ नाही. एकदा पळायला लागली की तिच्याबद्दल चकार शब्द काढायला जागा नाही. पण थांबलेली उठवताना ती नखरे करते. मूठ पिळली की घशातल्या घशात गुरगुरते, अंगभर थरथरते, जायचं की नाही याचा विचार करते आणि मग नाइलाजाने निघते, नाहीतर सरळ बंद पडते. बाजाराकडून आमच्या घराकडे येणारा चढ तुला माहीत आहे. तिथे औषधाच्या दुकानापाशी थांबावं लागलं की संपलं. दोघांना घेऊन उठतच नाही. मग वहिनी पिशवी घेऊन उतरते आणि चालू लागते. काल ती माझ्या आधी घरी पोचली आणि दार उघडून मला म्हणाली, "या, कोण हवंय आपल्याला?"

हसतेस काय? पुढे ऐक. आमचे चिरंजीव आले होते. त्यांचं जुनंच पालुपद, "बाबा, ती गाडी आता विकून टाका. आत्याकडे मी कारने सोडतो." मी तावातावाने बोलून बसलो, की फेब्रुवारी संपायच्या आत गाडी आम्हा दोघांना घेऊन तो चढ चढली नाही, तर विकून टाकीन. तो लगेच म्हणाला, "ठरलं." आता माघार घेता येत नाही. दर वर्षी डोंगर ओलांडून आम्ही दोघं याच गाडीवर तुझ्याकडे येतो. यंदाही तसंच यायचं आहे. तेव्हा दोष शोधून दे.

बाकी घरात दुरुस्त्याच चालू आहेत. बाहेरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली, तिची कड सारखी पायात यायची. चपलाही नव्या घेतल्या, कारण जुन्यांतली उजवी चालताना निसटायची. नव्यांतलीही उजवीच निसटते! हल्ली कोणी मन लावून काम करत नाही. मी मात्र करतो. रोज सकाळी बाल्कनीत स्टुलावर पायावर पाय टाकून बसतो, मांडीवर फळी घेतो आणि आमच्या गल्लीचा नकाशा काढतो. मोजणी कचेरीतून निवृत्त झालो तरी हाताची खाज जात नाही. जेवायची हाक येईपर्यंत जागचा हलत नाही.

उत्तर लवकर पाठव.

तुझा
दादा

ता. १९ जानेवारी

चि. खटपट हिला आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. "एका वेळी एकच गोष्ट बदल, मग चढावर जाऊन बघ, मग पुढच्या गोष्टीला हात लाव. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर मी उत्तर देणार नाही." काय ही भाषा थोरल्या भावाशी! पण अट पाळली.

आधी प्लग काढला. काळाकुट्ट, काजळी धरलेला. नवा लावला. चढावर फरक शून्य. मग हवेची जाळी काढली. तिच्यात इतकी धूळ होती की इंजिनाला श्वास कसा येत होता देव जाणे. बदलली. गाडी जराशी हलकी वाटली, पण औषधाच्या दुकानापाशी पुन्हा बंद.

मग कार्ब्युरेटर उतरवला. कमी वेगाला पेट्रोल सोडणारं ते बारीक जेट तू सांगितलंस तसं उजेडासमोर धरलं. पलीकडचं काही दिसेना. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सापडला चोर! तार घालू नकोस, छिद्र मोठं होईल, असं तू बजावलं होतंस, म्हणून रात्रभर भिजवून ठेवलं आणि सकाळी हवा मारून घेतली. छिद्रातून उजेड आला तेव्हा मी वहिनीला हाक मारून दाखवला. तिने कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "छान. आता डाळीचा डबा रिकामा करून देता का? स्क्रू त्यात पडलेत."

गाडी जोडली, किक मारली. एरवी उभी असताना दम टाकायची, ती आता इतकी शांत, एका लयीत फिरू लागली की वहिनी म्हणाली, "हिच्यावर पांघरूण घालू का?" मोठ्या थाटात दोघं निघालो. चढावर समोरून हातगाडी आली म्हणून थांबलो आणि मूठ पिळली. गुरगुर, थरथर, बंद. औषधाच्या दुकानाच्या बाकावर दोन म्हातारे बसलेले असतात. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आली बघ आपली गाडी." म्हातारे म्हणजे माझ्याच वयाचे असतील.

तू विचारलंस, गाडी उठवताना कुठल्या गिअरमध्ये असते. अगं, नेहमीच्याच. पन्नास वर्षं चालवतोय मी. तू तुझं कार्ब्युरेटरच्या पुढचं सांग.

शेजाऱ्यांचा पोपट आता आमच्या गाडीचा आवाज काढायला शिकला आहे. बंद पडतानाचासुद्धा.

तुझा
दादा

ता. २ फेब्रुवारी

चि. खटपट हिला आशीर्वाद.

या खेपेला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मदतीला घेतलं. मिशा तुरेबाज आहेत म्हणून सगळे त्याला मिशाच म्हणतात. जुन्या गाड्या त्याच्याकडे फारशा येत नाहीत, म्हणून तो हरखून गेला. या गाडीचं सगळं उलटं असतं हे मी त्याला समजावलं. ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या. पहिला गिअर चवड्याने वर उचलायचा, बाकीचे खाली दाबायचे, आणि न्यूट्रलसाठी टाचेजवळ वेगळी छोटी दांडी. तो म्हणाला, "काका, ही गाडी आहे की पेटी वाजवायचीय?"

तुझ्या सांगण्याप्रमाणे एकेक करून पॉइंटमधलं अंतर पाहिलं, ठिणगीची वेळ जुळवली, व्हॉल्व्हची फट मोजली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठून चोरून हवा जाते का तेही पाहिलं. सगळं चोख. किक दाबली की पाय उलटा फेकला जातो, म्हणजे दाबही उत्तम. फक्त क्लचच्या प्लेटी जळाल्यासारखा वास येतो, असं मिशा म्हणाला. प्लेटी हलक्या बनावटीच्या असणार, दुसरं काय!

मग त्याने एक आगाऊपणा केला. "काकू, बसा मागे," म्हणाला आणि तुझ्या वहिनीला घेऊन चढावर गेला. मी खाली उभा. औषधाच्या दुकानापाशी मुद्दाम थांबला, गाडी उठवली आणि टुण्णकन वर! माथ्यावर पोचून वहिनीने मला हात करून दाखवला. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडी खाली आणली, तिला मागे बसवलं, त्याच जागी थांबलो आणि उठवायला गेलो. बंद.

गाडीला माणूस कळतो, दुसरं काही नाही. मिशा म्हणाला, "काका, तुम्ही उठवता कशी ते परत एकदा दाखवा." मी म्हटलं, मला कामं आहेत.

आमच्या जिन्याची वरची पायरी सुताराला दाखवायची आहे. लाकूड फुगून वर आलं की काय कोण जाणे. परवा तिथेच जोरात ठेचकाळलो. कठडा होता म्हणून निभावलं. वहिनीला बोललो नाही, उगाच घोर लावून घेईल.

गिअरबद्दल तू परत विचारलंस. त्याचं उत्तर मी मागे दिलं आहे.

खटपटे, दोष इंजिनातच आहे. असणारच. तू म्हणशील तर हेड खोलतो, सबंध इंजिन खाली उतरवतो, पिस्टन नवा घालतो. तुला हवं ते सांग, मी करीन. पण इंजिनातच शोध.

तुझा
दादा

ता. ७ फेब्रुवारी

प्रिय दादास नमस्कार.

कंबर बरी आहे. एका वाक्यात लिहितेय, कारण आज माझ्या कंबरेची पाळी नाही.

तुझी तिन्ही पत्रं कामाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि परत वाचली. तुझं इंजिन ठणठणीत आहे. मिशाच्या हाताखाली चढतं आणि तुझ्या पायाखाली चढत नाही, मग त्यात मी काय शोधू?

तू सतरंजीला दोष दिलास. दोन जोड चपलांना दिलास. पायरीला दिलास, प्लेटींना दिलास, गाडीला तर दिलासच. चपला निसटल्या त्या उजव्याच. गिअर आहे तो उजव्या पायाला. दादा, तू गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठवतोस. न्यूट्रल टाचेने मिळतो, दुसरा खाली दाबून मिळतो, आणि पहिला वर उचलावा लागतो. तो तुझ्याच्याने उचलवत नाही. दुसऱ्यात उठवलेली गाडी चढावर गुरगुरणार, थरथरणार आणि बंद पडणार. क्लचही जळणारच. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आता खुर्चीवर बस. उजवी टाच जमिनीला टेकव आणि चवडा वर उचल. उचलला, तर मला मूर्ख म्हण. नाही उचलला, तर हे पत्र वहिनीच्या हातात दे आणि तिला घेऊन डॉक्टरकडे जा. आजच्या आज. सुताराकडे नाही.

पायाबद्दल तू का लिहीत नाहीस ते मला कळतं. आपल्या आप्पांचाही पाय आधी असाच अडखळायचा. मग हात गेला, मग बोलणं, मग इतकी वर्षं ती खिडकीजवळची खुर्ची. तुला तेच दिसतंय. हे लिहिताना मलाही तेच दिसतंय आणि मला खूप भीती वाटतेय. पण इंजिन बघायच्या आधीच भंगारात काढलेलं मला चालत नाही, आणि तू तर माझा भाऊ आहेस.

कळव. या वेळी फोन केलास तरी चालेल.

तुझी
खटपट

ता. २४ फेब्रुवारी

चि. खटपट हिला दादाचे आशीर्वाद.

फोनवर तुला सगळं कळलं आहे, पण लिहिताना मी खरं बोलतो असं तुझं मत आहे, म्हणून पुन्हा लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा वहिनी कुंड्यांना पाणी घालत होती. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि टाच टेकवली. डावा चवडा उचलून पाहिला, उचलला. उजव्याला सांगितलं, तो ढिम्म. परत सांगितलं. अंगठा जरासुद्धा हलला नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कितीतरी दिवस मी गाडीवर बसून पहिला उचलायला जात होतो आणि पाय दांडीखाली नुसता पडून राहत होता. मग दुसरा दाबायचा. दुसऱ्यातही जुन्या गाड्या उठतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. इंजिनात काही निघालं असतं तर किती बरं झालं असतं गं! त्याचे भाग बाजारात मिळतात.

पत्र वहिनीच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं. आधी भडकलीच. "म्हणजे पिशवी घेऊन मी तो चढ चढत होते तो तुमच्या चवड्यापायी! आणि मी त्या बिचाऱ्या गाडीला शिव्या देत होते!" मग खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बहिणीला पत्रं लिहिलीत, मिशाला जोडीला घेतलंत, सुतारालासुद्धा सांगणार होतात. मला तेवढं नाही सांगितलंत." मी तिचा हात धरून बसलो. पोपटाने तेवढ्यात गाडी बंद पाडून दाखवली आणि तिला हसू फुटलं. मेल्याचे उपकार झाले.

डॉक्टरने मला हसायला लावलं, गाल फुगवायला लावलं, दोन्ही हात पुढे धरायला लावलं, सरळ रेषेत चालवलं. सुईने टोचून कुठे कळतं आणि कुठे नाही ते पाहिलं. त्याचीही रीत तुझ्यासारखीच, एका वेळी एकच गोष्ट. मी मनातल्या मनात आप्पांची खुर्ची बघत होतो. शेवटी त्याने विचारलं, "तुम्ही दिवसभर बसता कसे?" मी दाखवलं. उजवा पाय डाव्यावर टाकला, मांडीवर फळी आहे असं समजून हात धरले. तो म्हणाला, "किती वेळ?" मी काही बोलायच्या आत वहिनीने सांगितलं, "चहापासून जेवणापर्यंत. हाका मारून माझा घसा बसतो."

गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला एक नस हाडावरून जाते म्हणे. चवडा उचलायचं काम तिचं. रोज तासन्‌तास पायावर पाय टाकून मी तीच चेपत होतो. पुढच्या तपासणीतही तेच निघालं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, "तुमच्या वडिलांचं जे होतं ते हे नाही."

बाहेरच्या बाकावर बसून मी रडलो. तुला सांगायला लाज कसली? चांगला हुंदके देऊन रडलो. शेजारी बसलेल्या बाईने वहिनीला विचारलं, "फार वाईट निघालं का हो?" वहिनी म्हणाली, "नाही हो, फार चांगलं निघालं."

नस पुन्हा कामाला लागायला काही महिने जातील. बहुतेक लागेल, पूर्ण लागेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाला. तोवर चवडा लोंबू नये म्हणून बुटात घालायचा एक पट्टा दिला आहे आणि पायावर पाय टाकायला सक्त मनाई आहे. नकाशा आता जेवणाच्या टेबलावर, दोन्ही पाय जमिनीला टेकवून काढतो. वहिनी येता जाता टेबलाखाली वाकून बघते. शाळेतसुद्धा माझ्यावर एवढी नजर नव्हती.

गाडीचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, ब्रेक कुठल्या पायाला? डाव्या, म्हटलं. मग म्हणाला, गिअरची सोय करा, आधी मोकळ्या मैदानात चालवून बघा, जमलं तरच रस्त्यावर. म्हणून तर तुला ते दांडीचं चित्र पाठवलं. तू फोनवर ओरडलीस, "दादा, मला माप हवं होतं, तू सावली कशाला दिलीस?" अगं, हाताला सवय आहे. पण त्या चित्रावरून तू करून पाठवलेली पट्टी बसली मात्र अचूक. न्यूट्रलची दांडी मिशाने जराशी आत वाकवली आणि तुझी पट्टी गिअरच्या दांडीला मागच्या बाजूने जोडली. आता टाचेने मागे दाबलं की पुढचं टोक आपोआप वर जातं. पहिला गिअर! खाली दाबणं माझ्या पायाला अजून येतं. जे येतं त्यावरच तू काम भागवलंस.

मैदानात चार दिवस मी गोल गोल फिरलो. मिशा मध्ये उभा राहून "काका, थांबा, काका, उठवा" असा ओरडत होता. काल वहिनी म्हणाली, "पुरे झालं एकट्याने हिंडणं," आणि मागे बसली. तिची एक अट आहे. गाडी थांबली की प्रत्येक वेळी मी मोठ्याने "पहिला!" म्हणायचं, तिने ऐकायचं, मगच मूठ पिळायची. चढावर औषधाच्या दुकानापाशी मी थांबलो. बाकावरचे दोघं सरसावून बसले. टाच दाबली आणि ओरडलो, "पहिला!" मागून वहिनी ओरडली, "ऐकला!" आणि गाडी उठली. गुरगुर नाही, थरथर नाही. इतकी अलगद उठली की मलाच खरं वाटेना. माथ्यावर पोचेपर्यंत वहिनीने माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता, आणि ती पडायच्या भीतीने धरत नाही हे मला पन्नास वर्षांनंतर कळतं.

चिरंजीवांना वर पोचल्या पोचल्या फोन केला. तो म्हणाला, "बरं, विकू नका. पण आत्याकडे जाताना मी मागून कार घेऊन येणार." येऊ दे. सामान त्याच्याकडे देतो.

शनिवारी सकाळी निघतो. सावकाश येऊ, वाट बघत ताटकळू नकोस. आम्ही दारात आलो की दर वेळी तू आधी इंजिनाकडे वाकतेस. या वेळी आधी माझा पाय बघ. अंगठा अजून हलत नाही, रोज सकाळी त्याला सांगून बघतो. भीती पार गेली आहे असंही नाही. पण आता ती एकट्याची राहिलेली नाही, घरात आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलतो.

आप्पांचा पाय पहिल्यांदा अडखळला तेव्हा मी जेवत होतो आणि तू माझ्यासमोर बसली होतीस. आपण दोघांनीही पाहिलं आणि दोघांनीही ताटात मान घातली. कोणी त्यांना काही विचारलं नाही. मला तू विचारलंस, आणि मी टाळलं तरी पुन्हा विचारलंस.

तुझाच
दादा